विल्होची खाट आणि माझी रायफल

९ एप्रिल १९६१, रविवार

एवढं सगळं बोलून झाल्यावर वर मलाच सांगतो, हिल्मा, नोव्हेंबरात पास्ट्या मात्र नेहमीसारख्या पाठव. मांस-बटाट्याच्या सारणात कांदा जरा जास्त घाल, म्हणे. मी इथे आतून पेटलेली आणि ह्याला कांदा सुचतोय.

रायनो, माझा धाकटा दीर. चर्चमधून परस्पर इथे आला. कॉफी प्यायला, पुन्हा प्यायला, वेलचीचा पाव अर्धा संपवला आणि जाता जाता, दारात बूट चढवताना सांगतो की शिकारीच्या कॅम्पवरची माझ्या नवऱ्याची, विल्होची खाट आता सुलोला द्यायचं चाललंय. सुलो म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ. झोपेत करवत चालवतो तो.

विल्होला जाऊन दुसरा हिवाळा आत्ता संपला. तळ्याकाठच्या त्या कॅम्पचे ओंडके माझ्या नवऱ्याने तोडले, छप्पर माझ्या नवऱ्याने घातलं. हरणांच्या मोसमात सगळे बाप्ये तिथे जाऊन पडतात आणि माझ्या हातच्या पास्ट्यांवर जगतात. मी ती जागा आतून एकदाही बघितलेली नाही. विल्हो सांगायचा, माझ्या खाटेला खिडकी आहे, डोळे उघडले की समोर तळं.

मला तळंबिळं बघायची हौस नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

म्हटलं, खाट माझी. रायनो हसला. म्हणाला, अगं बाई, नियम आहे ना. दुकानातून तयार रायफल आणली की तो पाहुणा, त्याने जमिनीवर झोपायचं. खाट त्याला, ज्याने जुन्या लष्करी रायफलीचं ॲक्शन घेऊन स्वतःच्या हाताने आपली रायफल उभी केली. आणि हा नियम तुझ्याच नवऱ्याने केलाय.

विचारलं, नियमात बाई चालत नाही असं आहे का. एक बूट पायात, एक हातात, तसाच उभा राहिला. मग म्हणाला, तसं काही कुणाला सुचलंच नव्हतं.

झालं तर. रायफल बनवते. विल्होची कपाटात आहे, पण ती त्याची. माझी मी करणार.

१० एप्रिल

ठरवलेलं लिहून ठेवते, म्हणजे फाटे फुटायला नकोत. ह्या आठवड्यात ॲक्शन. मेपर्यंत लाकडी दस्ता. जूनमध्ये नवी नळी. चार जुलैला निशाणबाजी.

ॲक्शन म्हणजे काही फार नाही. लष्कराची जुनी रायफल घ्यायची, नळी काढायची, लाकूड काढायचं, उरतो तो मधला लोखंडी तुकडा, ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो. त्याच्याभोवती नवी रायफल बांधायची. बाप्यांनी ह्याचं केवढं स्तोम करून ठेवलंय. विल्होने एक ॲक्शन निवडायला दोन हिवाळे घालवले. माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. जेवायला ताट ठेवायची सोय नव्हती.

मी चौथीतून शाळा सोडली आणि लाकूडतोड्यांच्या खानावळीत तव्यापाशी उभी राहिले. लोखंड म्हणजे काय ते मला हातात घेतल्यावर कळतं. पाच मिनिटांचं काम आहे.

१५ एप्रिल, शनिवार

पेनहेलच्या हार्डवेअरमध्ये गेले. मागच्या भिंतीला जुन्या लष्करी रायफली फावड्यांसारख्या उभ्या करून ठेवल्यात. पेनहेल म्हातारा झालाय, पण जीभ तरुण आहे. म्हणाला, मिसेस, उंदीर मारायचेत का. म्हटलं, जास्त बोललास तर ठरवेन.

त्याने जर्मन माउझर काढून दिली. म्हणाला, डोळे मिटून घ्या, ह्याच्यावर हवी ती रायफल बनते. डोळे मिटून घ्यायला मी काय आंधळी आहे? वरच्या बाजूला पक्ष्याचा छाप होता. कुणाच्या हातातली, कुठून आलेली. नाही घेतली.

अमेरिकन स्प्रिंगफील्ड घ्यायची. निर्णय झाला. पक्का. आज घेतली नाही कारण पेनहेल जेवायला जात होता.

२२ एप्रिल

स्प्रिंगफील्ड नाही. को-ऑपच्या दुकानात दोघेजण बोलत होते, की तिच्यात नंबर बघून घ्यावं लागतं, अगदी जुन्या नंबरांचं पोलाद ठिसूळ निघतं. नंबर बघत बसायला मला वेळ नाही.

एनफील्ड घ्यायची. हा शेवटचा निर्णय.

६ मे

एनफील्ड बघितली. दणकट आहे, पण मागच्या बाजूला नेम धरायच्या जागी दोन उभे कान. सशासारखे. पेनहेल म्हणाला, ते कानस घेऊन उतरवायचे, सगळे उतरवतात, महिनाभर बसतात. मी तशी बसणाऱ्यातली नाही. शिवाय पेलताना मनगट दुखलं. तिच्याच जड नळीमुळे.

ह्यात आपला दोष नाही. माल बरोबर नाही.

१० जून

रायनो आला. त्याच्या मते जपानी घे, तिच्याइतकं मजबूत ॲक्शन जगात नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून पडूनच असतं. पेनहेलकडे होती. वर फुलाचा छाप, कोणीतरी तो घासून पुसलेला. हातात चांगली बसली, खोटं कशाला बोलू.

पण शेजारच्या लायलाचा थोरला जपान्यांशी लढताना तिकडेच राहिला, समुद्रापलीकडे. तिच्या अंगणासमोरून ती रायफल खांद्यावर टाकून मी जाऊ कशी? परत ठेवली. पेनहेल काही बोलला नाही, म्हणून त्याच्याकडून खिळे घेतले. खिळे लागत नव्हते.

२ जुलै

उन्हाळ्यात लोखंड निवडू नये. हात घामट असतात, बोल्टचा अंदाज येत नाही. हे विल्होला कधी सुचलं नव्हतं. स्ट्रॉबेऱ्या पिकल्यात, आधी त्या.

रायनो विचारतो, चार जुलैची निशाणबाजी कुठे ठेवलीय. म्हटलं, तू येऊन समोर उभा राहा, मग सांगते.

३० जुलै

रायनोने पुन्हा आडून विचारलं, मग सुलोला सांगू का. बाप्ये दोन दोन वर्षं घोळ घालतात तेव्हा त्याला अभ्यास म्हणतात. बाईने तीन महिने नीट बघितलं तर सुलोला सांगू का.

मी घोळ घालत नाहीये. मी एक एक करून वाईट ते बाजूला काढतेय. आता फक्त चांगलं उरलंय, ते सापडायचंय.

१२ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ

सापडलं.

पलीकडच्या गावातली मुलांची कवायतीची शाळा बंद पडली, तिच्या सामानाचा सेल होता. मी खरं तर मोठं पातेलं बघायला गेले होते. बाकं, ढोल, बिगुलं, झेंडे, आणि एका पेटीत रायफली. एक उचलली, बोल्ट ओढला आणि अंगावर काटा आला. लोण्यातून सुरी. पेनहेलच्या भिंतीवरच्या सगळ्या कुरकुरतात, खरखरतात, ही नुसती सरकते. एवढी वर्षं कुणीतरी जपून वापरलेली.

शाळेचा एक म्हातारा मास्तर टेबलापाशी होता. म्हणाला, ह्यातून कधी एकही गोळी सुटलेली नाही बरं का, बाई. बघा. युद्धाला न गेलेली, कोरी करकरीत वस्तू, आणि कोणी ढुंकून बघत नव्हतं. सगळे ढोलांवर तुटून पडलेले. मास्तर पुढे काहीतरी सांगायला लागला, पण पातेलं दुसरीने उचललं म्हणून मी तिकडे पळाले.

पातेलं गेलं. ॲक्शन मिळालं. पाच मिनिटांत निवडलं, म्हटलं होतं तसं.

१४ ऑगस्ट

पेनहेलला दाखवायला नेली. जळू दे जरा. त्याने चष्मा लावला, बोल्ट काढला, विचारलं, नळीतून आरपार बघितलंत का. मी म्हटलं, नळी तर मी फेकणार आहे. फेकायच्या वस्तूत डोकावून काय करायचं? म्हणाला, तरी पण एकदा. म्हटलं, तू भोपळा घेतोस तेव्हा आधी देठ चाखतोस का?

मग कुठून आणली विचारलं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर उरलेल्या सगळ्या जाऊन घेऊन आला असता.

२७ ऑगस्ट

वॉलनटचं लाकूड महाग. मागच्या वादळात पडलेला मेपल आहे, विल्होने त्याच्या फळ्या शेडमध्ये वाळत टाकल्या होत्या. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. त्यातली एक घेतली. दस्ता कोरायला सुरुवात.

१० सप्टेंबर

दस्ता एक इंच आखूड झाला. मुद्दाम केला. थंडीत जाड कोट घातल्यावर आखूडच बरा.

१७ सप्टेंबर

दुर्बिणीच्या पट्टीसाठी ॲक्शनला भोकं पाडायची होती. ह्याची मला खरी धास्ती होती. विल्होने त्याच्या वेळी भोकं पाडताना ड्रिलची पाती मोडली होती आणि तोंडातून जे काढलं होतं ते इथे लिहिता येत नाही. रायनो शेजारी बसून सांगत होता की पोलाद वरून कडक केलेलं असतं, पाती टिकत नाहीत.

माझं पातं एका दमात आत गेलं. काळा भुसा पडला, बारीक, मऊ. पाचच मिनिटांत सगळी भोकं. मग कानस घेतली, तीही छान धरते. हाताचा प्रश्न असतो. बाप्ये जोर लावतात. बायकांना कळतं लोखंडाशी कसं वागायचं ते.

२४ सप्टेंबर, रविवार

रायनोला दाखवली. आधी चेहऱ्यावर कौतुक होतं, ते मी बघितलं. दस्ता हातात फिरवला, म्हणाला, हा विल्होच्या मेपलचा का. म्हटलं, हो. जरा वेळ तो लाकडावरून अंगठा फिरवत बसला. मग बोल्ट ओढला. परत ओढला. दिव्यासमोर धरली आणि नळीत डोळा लावला.

म्हणाला, हिल्मा, ह्या नळीला तर… म्हटलं, नळी जाणार आहे. म्हणाला, तसं नाही गं, ही आतून… म्हटलं, तोंड बंद. खाट सुलोला द्यायची घाई झालीय तुला, आता खुसपटं काढणारच. म्हणाला, एक मिनिट ऐकशील का. म्हटलं, सौना तापलाय, जा वाफ घे.

गेला. तिथून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता.

१ ऑक्टोबर

मन मोठं करून रायनोला सांगितलं की मी कॅम्पवर आले तरी खुसपटं काढणार नाही, स्वयंपाकही करेन, पण मनात आलं तरच. आणि पहिलं हरीण मलाच मिळालं तरी मी मिरवणार नाही. रायनो म्हणाला, बरं. फार सौम्य झालाय आजकाल. पोटाचं काहीतरी असेल.

१४ ऑक्टोबर

ॲक्शन आणि दस्ता बोशांकडे दिले, नळी बसवायला. बोशां हा वरच्या गावचा बंदूकवाला, ह्या बाजूला सगळे त्याच्याकडे जातात. तो नव्हता, त्याच्या बायकोकडे सामान ठेवून आले. तिला बजावलं, नवऱ्याला सांग, घाईत काम नको, असं ॲक्शन त्याला पुन्हा बघायला मिळणार नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

कॅम्पवर लाकूड फोडायचा दिवस. मी गेले. रायनोच्या ट्रकमध्ये पुढे बसून. सुलो मागे, ओंडक्यांवर.

जागा लहान आहे. मला वाटलं होतं मोठी असेल. चूल, टेबल, पत्ते, भिंतीला खाटा. बाप्ये बाहेर कुऱ्हाडी परजत होते तेव्हा आत जाऊन बघितलं. विल्होची कोपऱ्यातली. खाली सुलोचे जोडे, आधीच. ते बाहेर ठेवले. जरा पाठ टेकली, गादी कशी आहे ते बघायला.

खिडकी आहे. तळं नाही. तळं पलीकडच्या बाजूला, चुलीच्या मागे. विल्होच्या खिडकीतून संडास दिसतो. दार, दारावर कापलेली चंद्रकोर, आणि त्याकडे जाणारी वाट. दुसरं काही नाही. मान वळवली, उशीकडे पाय केले, सगळं करून बघितलं. संडासच.

तीस वर्षं मला तळं सांगत होता. पहाटे धुकं कसं उठतं, बदकं कशी एका रांगेत येतात. बदकं मोजून सांगायचा.

बराच वेळ पडून राहिले. गादी ठीक आहे. एका बाजूला खोलगट झालीय. रायनो दारापर्यंत येऊन परत गेला. मग बाहेरून सुलोचा आवाज आला, माझे जोडे कुणी बाहेर टाकले. रायनो त्याला म्हणाला, वाऱ्याने गेले असतील. वारा नव्हता.

४ नोव्हेंबर, शनिवार

बोशांकडे गेले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्याने त्यांना जाऊ दिलं, मग दाराला कडी घातली. मला वाटलं, ॲक्शन विकत मागतो की काय.

म्हणाला, मिसेस, बसा. म्हटलं, उभी बरी आहे. म्हणाला, ही रायफल नाही. म्हटलं, मग काय, बिगुल आहे? म्हणाला, तसंच काहीसं. शाळेतल्या पोरांनी कवायतीला खांद्यावर घेऊन चालायसाठी बनवलेली वस्तू आहे ही. दिसते रायफल, वजन रायफलीचं, बोल्ट सरकतो, पण गोळी सुटावी म्हणून बनवलेलीच नाही. नळी नावापुरती. वर्षानुवर्षं पोरांनी नुसता बोल्ट मागेपुढे केला म्हणून एवढी गुळगुळीत झालीय. आणि धातू ओतीव. तुमच्या तव्याचं आणि ह्याचं लोखंड एकच. ह्याला खरी नळी लावून पहिली गोळी झाडलीत तर बोल्ट तुमच्या डोळ्यातून मागे जाईल.

म्हणून भोकं मऊ पडली.

म्हटलं, माझ्या आईचा तवा चाळीस वर्षं झाली, एक चीर नाही. तो म्हणाला, तव्यात काडतूस फोडत नाहीत, मिसेस.

मग म्हणाला, दस्ता मात्र सुंदर केलाय. हे मी खोटं बोलत नाही. थोडा आखूड आहे. म्हटलं, मुद्दाम आहे.

पैसे घ्यायला काही तयार नव्हता. कागदात गुंडाळून हातात दिली. माझ्या ट्रकपर्यंत आला सोडायला. असं आजारी माणसाला सोडायला येतात.

५ नोव्हेंबर

रायनोला सप्टेंबरपासून माहीत होतं. फोनवर कबूल केलं. म्हटलं, मग बोलला का नाहीस. म्हणाला, तू बोलू दिलंस कुठे. म्हटलं, बोलू न देणाऱ्याशी कसं बोलायचं ते तुला अजून येत नाही, पन्नाशी उलटली तरी. तो म्हणाला, आणि खरं सांगू का हिल्मा, तो दस्ता बघितला आणि मला धीर झाला नाही.

माझ्या निवडीत काही चूक नव्हती. बोल्ट चांगला होता, वजन चांगलं, हाताला बरोबर. वस्तूच खोटी निघाली तर निवडणारीने काय करायचं.

पेनहेलकडे जाणार होते, जपानी अजून आहे का बघायला. रविवार, बंद. आणि मोसम सुरू व्हायच्या आत नळी कोण बसवून देणार.

६ नोव्हेंबर, सोमवार

झोप नाही. सकाळी रायनोला पुन्हा फोन लावला. आमची लाइन सगळ्या रस्त्याची सामायिक आहे, लायला ऐकत होती, तिच्या मांजराचा आवाज येत होता. ऐकू दे.

रायनो आधीच म्हणाला, हिल्मा, आमचं बोलणं झालंय. तू पाहुणी म्हणून ये. जाड गादी घालू जमिनीवर, चुलीजवळ. तिथून तळं दिसतं. सुलोसुद्धा हो म्हणालाय.

पाहुणी. त्याच्या भावाच्या घरात.

मी त्याला सांगितलं ते इथे लिहिते, उद्या कोणी म्हणायला नको की मी असं बोललेच नव्हते. तुमचा नियम म्हणतो, लष्करी वस्तूचं ॲक्शन घ्यायचं आणि आपल्या हाताने रायफल उभी करायची. माझं ॲक्शन लष्करी कवायतीचं. लाकूड मी कोरलं, भोकं मी पाडली, तेल मी दिलं. सुलोचा दस्ता कोणी केला ते सगळ्या रस्त्याला माहीत आहे, विचार लायलाला, ती ऐकतेच आहे. गोळी सुटली पाहिजे असं नियमात कुठे आहे ते दाखव. विल्होने शेवटच्या सात मोसमांत एक हरीण आणलं नाही. तरी खाट त्याचीच होती ना? मग तो तिथे काय करत होता? खाटेवर पडून खिडकीतून बघत होता. तेवढं मलाही येतं.

रायनो म्हणाला, त्या खिडकीतून काय दिसतं तू बघितलंस ना. म्हटलं, बघितलं. म्हणाला, तरी? म्हटलं, तरी.

लायलाने फोन ठेवल्याचा आवाज आला.

म्हटलं, चुलीजवळची गादी सुलोला द्या, त्याला तळं बघू दे. मला ती खाट. मोसम पुढच्या बुधवारी, पंधराला सुरू होतो, मला गोधडी वाळवून न्यायचीय, त्यामुळे आयत्या वेळी सांगितलेलं चालणार नाही. सगळ्यांनी एकत्र बसा, हात वर करा, काय करायचं ते करा. पण हो किंवा नाही, शुक्रवारपर्यंत. दहा तारीख. अंधार पडायच्या आत. मी फोनपाशी बसलेली असेन.